शुभेच्छुकांत पहिली

"काकूच्या फोटोले हार लावतो, काका," फ्लेक्स छापणारा अंकुश म्हणाला आणि त्याने संगणकावर झेंडूचा हार ओढून खुशालच्या वारलेल्या बायकोच्या, शकुंतलाबाईंच्या फोटोवर टाकलासुद्धा.

"काढ तो," खुशाल म्हणाला.

"अजी काका, गेलेल्या माणसाले हार लागते. आन् शुभेच्छुकांच्या रांगेत तं गेलेल्याले कोनी टाकतच नाई. वर कोपऱ्यात टाकू, आशीर्वाद म्हनून."

"पोरीले परदेशात पाठवाले सारं गाव नाई म्हने. मी बी नाईच म्हनलो. हो म्हननारी ती एकटीच होती. तिचा फोटो पयला. आन् हार नको."

अंकुशने हार काढला आणि फोटो रांगेत पहिला आणला.

करडी गावात हल्ली शंकरपटाच्या शर्यतीत कोणाच्या बैलजोडीचा नंबर आला तरी चौकात फ्लेक्स लागतो. मग मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या खुशालने डॉक्टरेट होणाऱ्या लेकीचा का लावू नये? फक्त घाई झाली होती. शेवटची तोंडी परीक्षा उद्या होती. दामिनी जर्मनी आणि फ्रान्स अशा दोन देशांतल्या विद्यापीठांची मिळून एकच पीएचडी करत होती. गाईडही दोन, अर्धा मुक्काम इकडे, अर्धा तिकडे. शेवटी दोन्हीकडचे परीक्षक हो म्हणाले तरच पदवी, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

विषयाचं नाव भारदस्त होतं, सांख्यिकीय भौतिकशास्त्र. खुशाल त्याला गर्दीचं गणित म्हणायचा. ते सुरू झालं दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत. आईचा पदर धरून चाललेली छोटी दामिनी अरुंद बोळात गर्दी बघत अडून बसली. जाणारे एका कडेने, येणारे दुसऱ्या कडेने, आपसूक.

"माय, याईले असं चालाले कोन सांगते?"

"मले का मालूम? तूच शोध, आन् मले सांग."

दामिनी मोठी होऊन परदेशात ते शोधायला गेली आणि पुढच्याच वर्षी शकुंतलाबाई तापाने गेल्या. सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालच्या दुकानात मोबाइलभोवती अर्धी गल्ली जमली. फ्लेक्सची गुंडाळी भिंतीला टेकवलेली होती. पडद्यावर दामिनी उभी राहिली आणि तिच्या मागे पहिलंच चित्र आलं ते करडीच्या बोळाचं, मंडईच्या गर्दीने गच्च भरलेलं. पुढचं इंग्रजी कोणालाच कळलं नाही, पण हललं कोणी नाही.

मग एक पांढऱ्या केसांचा परीक्षक प्रश्न विचारू लागला, तो थांबेचना.

"हा बुढा काहून इतका पिसून राहिला पोरीले?" शेजारच्या केशरबाई चिडल्या.

शेवटी परीक्षक उठून बाहेर गेले. खुशालने फ्लेक्सकडे पाहिलं. नाहीच झालं तर? "धानाच्या तनसीच्या ढिगावर झाकाले होईल," तो उगाच मोठ्याने बोलला. कोणी हसलं नाही.

परीक्षक परत आले तशी तिथली सगळी माणसं उभी राहिली. ते पाहून खुशालही उठला. मग दुकानातले सगळेच उठले. गुडघ्यांनी बेजार झालेल्या केशरबाईसुद्धा एका जुन्या पंपाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. एक परीक्षक कागदावरून काहीतरी वाचत होता. खुशाल हात सरळ ठेवून ऐकत होता.

टाळ्या वाजल्या. दामिनी रडत रडत पडद्याजवळ आली. "बाबा, झालं! दोनी जागचे हो म्हनले!"

"तुह्या मायनं पयलेच हो म्हनलं होतं बेटा," खुशाल म्हणाला.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स चढला. केशरबाईंनी झेंडूचा खरा हार आणून खुशालच्या हातात दिला. तो आता शिडीवर चढून बायकोच्या फोटोला हार घालणार, म्हणून गर्दीने शिडीसाठी जागा केली. कोणी शिडी धरूनही उभं राहिलं.

खुशालने हार केशरबाईंना परत दिला आणि त्यांच्यापुढे मान वाकवली.

"पोरीचा बाप मी, मले घाला, भाबी. ती तं शुभेच्छुक, तिले कायले?"

केशरबाईंनी डोळे पुसत त्याच्या गळ्यात हार घातला. वर शुभेच्छुकांच्या रांगेत, सरपंचाच्याही आधी, शकुंतलाबाई मोकळ्या गळ्याने हसत होत्या.