खंडेनवमीचा हार

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. कुल्फी, मटार असलं काही माझ्यात शोधू नका. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उभा राहून मी आजारी माणसांच्या रक्ताचे नमुने सांभाळतो. डेंग्यू, चिकनगुनिया आणि अजून नावही न मिळालेले, डासाच्या सोंडेतून येणारे ताप माझ्या पोटात गोठून पडलेले असतात. माझी थंडी अशी, की बर्फालाही हुडहुडी भरावी.

मी आलो तेव्हा डॉक्टर सुहासिनी नव्यानेच लागल्या होत्या. आम्ही दोघं बरोबरच जुने झालो. त्यांचे केस पिकले, माझ्या कडा गंजल्या. मोठे पाहुणे आले की त्या माझ्यावर थाप मारून म्हणत, "हा आमचा खजिनदार." पुढे माझा भोंगा विनाकारण वाजू लागला. दिवे जरा लुकलुकले की बोंब. नवा फ्रीझर मागून झाला, मिळाला नाही. रखवालदाराने माझं नाव रडतराऊत ठेवलं.

यंदा डॉक्टरांनी माझ्यात एक नळी ठेवली. रुपालीच्या रक्ताची. धाराशिवकडून पोट भरायला आलेली ही बाई हिंजवडीत एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. ताप डोक्यात गेला आणि ती गेली. नेहमीच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही.

"तिच्या नवऱ्याला, उत्तरेश्वरला, शब्द दिलाय," डॉक्टर मदतनीस कचरूमामांना सांगत होत्या. "त्याची मुलगी रुपाली राहायची त्याच खोलीत झोपते. बायको कशानं गेली तेवढं सांगा म्हणाला, म्हणजे तिथं राहायचं की गाव गाठायचं ते ठरवेन."

पुढच्या तपासणीचं सामान दसऱ्यानंतर येणार होतं. तोवर ती नळी जपणं माझं काम.

मग खंडेनवमी आली. कचरूमामांनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा जाडजूड हार काढला.

"मामा, शालू तेवढा राहिला," डॉक्टर म्हणाल्या.

"असू द्या, बाई. वर्षभर राबतो बिचारा."

हार घसरू नये म्हणून मामांनी त्याचा दोरा दाराच्या वरच्या फटीत अडकवला आणि दार लावलं. सगळ्यांनी नमस्कार केला, पेढे खाल्ले आणि कुलूप लावून सुट्टीवर गेले.

दोऱ्याबरोबर एक फूलही आत चेपलं होतं. दार लागलेलं दिसत होतं, लागलं नव्हतं. बाहेरची ऊब आत शिरत राहिली. मी धापा टाकत भोंगा वाजवत राहिलो. बाहेर रखवालदार कचरूमामांना फोनवर सांगत होता, "अहो, तुमचा रडतराऊत सुरू झालाय." पलीकडचं ऐकून म्हणाला, "हो, रोजचंच आहे म्हणा." आणि गेला.

गळ्यात हार होता, मित्रांनो, आणि पोटात एकेक नळी वितळत होती.

सुट्टीनंतर दार उघडलं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी रुपालीची नळी उजेडात धरली. आतला थेंबभर द्रव हलला. कचरूमामांनी दाराच्या कडेला चिकटलेलं चेपलेलं फूल सोडवून घेतलं. सामान आल्यावर डॉक्टरांनी तरीही तपासून पाहिलं. हाती काही लागलं नाही.

उत्तरेश्वर आला तेव्हा मला दुरुस्तीसाठी बाहेर व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. म्हणून सगळं ऐकावं लागलं.

"उत्तरेश्वरभाऊ, ते आता कळणार नाही. नमुना आमच्याकडे खराब झाला. चूक आमची आहे."

"दुसरं रगत न्हाई का घेता येत?" त्यानं विचारलं, आणि स्वतःच मान खाली घातली. मग म्हणाला, "पोरीचं काय करू?"

"पाण्याची टाकी झाकून ठेवा. तिला मच्छरदाणीत झोपवा. अंग जरा तापलं तरी..."

"ते समदं करतोच हाय, बाई. ऱ्हाऊ का जाऊ, ते इचारतोय."



मित्रांनो, मला पूजा नको असं नाही. मामांच्या हाताला माया होती, ती मला कळते. पण हात जोडण्याआधी दार नीट लागलंय का ते बघत जा. आणि म्हातारं कुणी रोज कुरकुरत असलं, तरी एकदा उठून पाहत जा. वितळलेलं मी पुन्हा गोठवू शकतो. त्यातलं उत्तर परत आणू शकत नाही.

उत्तरेश्वर जिना उतरून गेला. हिंजवडीला गेला की मुलीला घेऊन गावाकडे, मला माहीत नाही. जिना उतरताना त्यालाही माहीत नसावं.