अठरा मीटर

धुतलेले रबरी सूट मास्तर दोरीवर उलटे टांगत होते आणि ते पत्र काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. पाच महिने झाले, उत्तर गेलं नव्हतं. मसुदे सात झाले होते, पण 'आपले पत्र पोचले' याच्या पुढे एकाचीही गाडी सरकली नव्हती. टांगलेला सूट त्यांनी उगाच काढला आणि पुन्हा टांगला.

मास्तर म्हणजे बेटावरच्या त्या लहानशा डायव्हिंग सेंटरचे जुने शिक्षक. माणसांना समुद्राखाली नेण्यात तीस वर्षं गेली. बरं, खाली बोलावं लागत नाही, म्हणूनच हा धंदा त्यांना मानवला असावा. वर आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून सेंटर पुतणी चालवत होती. मास्तर सूट धुवायचे, सिलिंडरांत हवा भरायचे आणि उरलेला वेळ पुस्तकात तोंड घालून बसायचे.

पत्र एका बाईंचं होतं. पाच वर्षांपूर्वी त्या नवऱ्याबरोबर बेटावर आल्या होत्या. आता नवरा गेला होता.

'ह्यांना उभा जन्म भीतीच वाटली,' बाईंनी लिहिलं होतं. 'जिन्याची, कुत्र्याची, साहेबाची. पण तुमच्याकडे ते अठरा मीटर खाली गेले. वहीत तसं लिहिलं आहे, खाली तुमची सही आहे. शेवटच्या आजारात तेवढंच पान उघडून बसायचे. जुना नांगर, आणि त्यावर पेन्शनीत निघालेल्या न्यायाधीशासारखा टेकून बसलेला तांबडा मासा. मला तो नांगर बघायचा आहे. मी एकसष्ट वर्षांची आहे. शिकवाल का?'

तो न्यायाधीश मास्तरांच्या तोंडचा होता. गृहस्थ चार मीटरच्या खाली गेलेच नव्हते. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापासून तळापर्यंत सोडलेल्या दोराला त्यांनी जी मिठी मारली, ती सोडवेना. मग होडीत, दात वाजत असताना, त्यांनी विचारलं होतं, खाली काय असतं हो? आणि मास्तर कधी नव्हे ते बोलत सुटले होते. धक्क्यावर बाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक बुडीनंतर वहीत खोली, वेळ आणि काय दिसलं ते लिहायचं, त्याखाली शिक्षकाने सही करायची, हा शिरस्ता. गृहस्थांनी वळणदार अक्षरात अठरा लिहिलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि भिडेखातर सही ठोकली.

"काका, पत्र पुस्तकात खूण म्हणून ठेवता, मग कुणीही वाचणार," मागून पुतणी म्हणाली. "बिचाऱ्या बाईंना 'या' म्हणायला पाच महिने लागतात?"

मास्तरांनी चिमट्यांशी चाळा करत सगळं सांगितलं. पुतणीने त्यांच्या हातातले चिमटे काढून घेतले.

"म्हणजे आल्यावर त्या मलाच विचारणार, हे कुठे उभे होते, दाखव."

"नांगर तरी आहे का जागेवर, बघून येतो," मास्तर म्हणाले.

हा काही उपाय नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. पण मास्तरांना एका जागी बसवत नव्हतं. नावाड्याने होडी सोडता सोडता विचारलं की मास्तर, नांगर पळून गेल्याची वर्दी आलीय का? मास्तर हसले नाहीत. सिलिंडरचा पट्टा त्यांनी तीनदा तपासला.

तीन वर्षांनी ते पाण्यात उतरत होते, शेजारी पुतणी. दोर धरून एक मीटर, दोन, चार. तिथे हात दोरावर आवळला गेला. कान ठीक होते, हवा ठीक होती. खाली निळं होतं, आणखी निळं होतं, आणि नांगर दिसत नव्हता. पुतणीने खुणेने विचारलं, खाली? त्यांनी नकारार्थी मान हलवली. अंगातला कण न् कण वर चल म्हणत होता. ते घड्याळाकडे बघत राहिले. नऊ मिनिटांनी ते वर आले.

"कान दुखला का?" होडीत पुतणीने विचारलं.

"नाही. घाबरलो."

तिने टॉवेल पुढे केला. नावाड्याने होडी धक्क्याकडे वळवली.

"ते गृहस्थ तिथे बावीस मिनिटं होते," थोड्या वेळाने मास्तर म्हणाले. "मी चारदा वर चला म्हणून खूण केली. चारही वेळा नाही म्हणाले. मी मनात वैतागलो होतो गं. आज अर्धी सुट्टी फुकट गेली, असं."

त्या दुपारी, अंगावरचं मीठही न धुता, हवा भरायच्या खोलीत उभ्यानेच त्यांनी लिहिलं:

'अठरा मीटर हे खरं नाही. नांगर आणि मासा मी सांगितलेले. तुमचे यजमान चार मीटरवर दोर धरून बावीस मिनिटं थांबले. मी वर बोलावत होतो, ते आले नाहीत. त्यांना काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आज मी त्याच जागी नऊ मिनिटांत वर आलो. खोट्या नोंदीवर सही करणं ही माझी चूक. एवढं वाचूनही यावंसं वाटलं तर या. पहिल्या दिवशी चार मीटरवर जाऊ.'

पुतणीने वाचलं. नऊ मिनिटांचं कशाला, शिकवणाऱ्याची काही अब्रू असते, असं ती म्हणाली. मग तिनेच पाकीट शोधून दिलं.

पोस्टात गर्दी नव्हती. पोस्टातल्या बाईंनी तिकीट लावलं, शिक्का मारला.

"जरा थांबता का?" मास्तर म्हणाले. "एक शब्द बदलायचा होता."

"आता शिक्का पडला, मास्तर."

"बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि पाकीट पिशवीत पडेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.