बिनदाराच्या घरातल्या चिमण्या

पक्षी मोजायला अर्धा तास एका जागी बसावं लागतं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. नगरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात एका रविवारी सकाळी माझे विद्यार्थी आपापल्या गावी अंगणात बसून पक्षी मोजतात आणि आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून बुलबुल आणि शिंजीर येतात, कोपरगावच्या उसाकडून मुनियांचे थवे, नगरच्या कॉलन्यांतून नुसते पारवे. शनिशिंगणापूर माझ्या वाट्याला, कारण ते माझं माहेर. गावच्या रीतीप्रमाणं आमच्या घराला पुढं-मागं चौकट आहे, दार नाही. त्यामुळं चिमण्या थेट घरात नांदतात आणि चिमण्यांच्या आकड्यात आमचं घर कायम पहिलं. मागच्या वर्षी चाळीस भरल्या होत्या. वर्गात मी ते पुरेपूर मिरवून घेतलं होतं.

या रविवारी मात्र माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी पक्षी मोजायला आले होते तशी आईला न्यायलाही आले होते.

आईला वर्षभरापासून विसर पडतोय. त्याचं एवढं नाही, पण ती उठते आणि चालायला लागते. विचारलं तर म्हणते, "घरी जाते." माझा धाकटा भाऊ भागवत आणि त्याची बायको देवळाच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकतात. गिऱ्हाईक तसंच सोडून तो तिच्यामागं कितीदा पळाला असेल, देव जाणे. एकदा ती घोडेगावच्या रस्त्यावर सापडली. उसाच्या ट्रॉल्या तिला घासून चालल्या होत्या. त्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, आता तूच ने तिला. तुझ्या फ्लॅटला दार हाय."

"कुत्र्यासाठी लावतो तशी फळी लाव की आडवी."

"लावली. वलांडून गेली."

"मग दार लाव."

त्यानं फोन ठेवला. दाराचं नाव काढलं तरी शनिदेव कोपेल म्हणून त्याच्या अंगावर काटा येतो, आणि खरं सांगायचं तर एवढं विज्ञान शिकून माझ्याही येतो. तरी मी शहाणपणा केलाच. फ्लॅटची आतली कडी आई सहज काढेल, म्हणून बाहेरून एक कडी बसवायला श्रीमंत नावाच्या मिस्त्रीला सांगून निघाले. मी बिनदाराच्या घरात वाढलेली, आणि आईला बाहेरून कडी घालणार! लाजेनं हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नाही.

सकाळी पुढच्या चौकटीत खुर्ची टाकून बसले. मागं पलंगावर आई, तिच्या पायाशी भरलेली बॅग. घर अगदी नवं दिसत होतं. दिवाळीला भागवतनं जुन्या तुळयांखाली पांढरंशुभ्र पीओपीचं छत करून घेतलं होतं. वडिलांचा फोटो पूर्वी भिंतीवर पुढं कललेला असायचा आणि त्याच्यामागं दर वर्षी घरटं. तोही आता भिंतीला चपटा ठोकला होता.

एक साळुंकी. दोन होले. तारेवर एक कोतवाल. चिमण्या तीन. परत मोजल्या, तीनच! माझं डोकं सटकलं. चाळीसाच्या जागी तीन लिहू? सगळ्या तुलनेचा बट्ट्याबोळ. पाय हलवत, पेन चावत मी चौथी शोधत राहिले.

"त्या न्हाई राहत आता हितं," मागून आई म्हणाली.

"आई, बोलू नको ना गं. मोजतेय मी."

अर्धा तास संपल्यावर वळून बघितलं तर पलंग रिकामा. बॅग जागेवर, चपला जागेवर. मागच्या चौकटीतून ती निघून गेली होती.

फोन केला तसा भागवत दुकानातून धावतच आला. "तू बसली हुतीस ना हितं? काय करत हुतीस?"

"चिमण्या मोजत होते," मी म्हणाले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच वळला. मोटरसायकल काढून हमरस्त्याकडं सुटला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गल्ल्या पालथ्या घातल्या. जो दिसेल त्याला विचारलं. लांबून ट्रॉलीचा हॉर्न आला की त्या दिशेला पळायचे. परत आली असेल या आशेनं घरी आले, तेव्हा ओट्याकडं लक्ष गेलं. तांदळाच्या कण्यांची ताटली नव्हती. आई रोज सकाळी त्यातल्या कण्या चिमण्यांना टाकायची.

म्हणजे ती चिमण्यांकडं गेली होती. पण चिमण्या कुठं गेल्या होत्या? चिमणी सहसा लांब जात नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि आज अर्धा तास बसून मला हा प्रश्नच पडला नव्हता. कमी भरल्या म्हणून मी नुसती चिडले होते.

मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. पळावंसं वाटत होतं. पण मी जागची हलले नाही, श्वास रोखून ऐकत राहिले. देवळाकडचा लाउडस्पीकर, गाड्या, आणि त्या सगळ्याखाली शेजारच्या कडूबाईच्या गोठ्याकडून चिवचिवाट. भांडण लागल्यासारखा.

गोठ्यात शिरले आणि थबकले. तशाच काळ्या तुळया, तशाच लोंबणाऱ्या काड्या, चौकटीतून तसंच आत येणारं ऊन. हे आमचंच घर होतं, दिवाळीच्या आधीचं. पोत्यावर आई बसली होती, मांडीवर ताटली, आणि पायांभोवती चिमण्याच चिमण्या.

"आगं, कवाधरनं येती ती हितं," शेण भरता भरता कडूबाई म्हणाली. "वाट चुकली तर मातर जाती तिकडं रस्त्याला. मला वाटलं, भागवतला ठावं आसंल."

आईनं माझ्याकडं बघितलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. "आले बाई घरी," ती म्हणाली. "बस. हलू नको, उडत्यात."

मी शेजारी बसले. रडू येत होतं, पण हुंदका दिला तर त्या उडाल्या असत्या. तेवढ्यात मोबाईल वाजला आणि सगळ्या भुर्रकन वर तुळयांवर. श्रीमंत मिस्त्री होता.

"मॅडम, कडी वर बसवू का खाली?"

आई माझ्याकडं रागानं बघत होती, लहानपणी दूध सांडलं की बघायची तशी.

"कुठंच नको," मी म्हणाले. "बसवू नका कडी."

भागवतला फोन केला. तो आला, आईला बघितलं आणि दाव्याच्या खुंटीपाशी टेकला. मग म्हणाला, "दिवसा हितं बसंल ती. कडूबाईची नजर राहील. रातचं काय?"

"ते छत काढ आधी. तिला घर ओळखीचं वाटू दे."

"काढतो. छत काढल्यावर येत्याल का चिमण्या परत?"

"सांगता येत नाही रे," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू? "शनिवारी तुझ्या दुकानात गर्दी असते. दर शनिवारी मी येत जाईन."

त्यानं मान हलवली. रात्रीचं तेवढं राहिलं होतं.

घराच्या नावापुढं मी तीन हा आकडा लिहिला आणि खाली गोठ्याची नवी ओळ घातली. दिवेलागणीला मागच्या चौकटीत मी अंथरूण घातलं. मी नसेन तेव्हा तिथं भागवतची बायको झोपणार होती. भागवतनं आपली खाट फरफटत आणली, पुढच्या चौकटीत आडवी टाकली आणि तिच्यावर लांब पसरला.

"आता जायचं तर माज्यावरनं जावं लागंल," तो म्हणाला.

आई पलंगावरून त्याच्याकडं बघत होती. मग उठली, खाटेपाशी गेली आणि त्याचं पाऊल हलवून म्हणाली, "भागवता, पाय आखड. चिमण्यांनी घरात यायचं कुठनं?"

त्यानं पाय पोटाशी घेतले.