मान वाजली तेव्हा

सुनेने कुलूपकाकांना सिनेमाला नेलं ते काही लाड म्हणून नाही. तिला जाणकार माणूस हवा होता. ती एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहायची आणि या आठवड्याचा सिनेमा होता दोन पोलिसांचा. एक नियमाचा पक्का, दुसरा पक्का आळशी. दरोडेखोरांना पकडायला दोघं त्यांच्याच टोळीत शिरतात आणि शेवटी तिजोरी उघडायची पाळी यांच्यावरच येते. उभा जन्म तिजोऱ्या उघडण्यात घालवलेला सासरा घरात असताना बाहेर कुठे जाणकार शोधायचा?

काका इस्त्रीचा शर्ट घालून दुपारच्या खेळाला गेले आणि अर्ध्या तासात त्यांचं डोकं सणकलं. आळशी पोलीस कानात डॉक्टरची नळी घालून तिजोरीचे ठोके ऐकत होता आणि तिजोरी होती बटणांची. काका मोठ्याने हसले. तो प्रसंग गंभीर असल्यामुळे पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. काकांनी सुनेकडे मान फिरवली, तशी ती नेहमीप्रमाणे कडकन वाजली. बाई पुन्हा वळल्या.

"हिला आकड्यांची फिरती चकतीच नाही," काका कुजबुजले. "हा ऐकतोय काय, डोंबल?"

सुनेने लिहून घेतलं.

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता दोघं संध्याकाळीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. काकांची मतं धो धो वाहत होती. तिजोरी कापायच्या चालू पात्याजवळ सिनेमातल्यासारखं कोणी खात बसत नाही. आकड्यांची तिजोरी एकट्याने उघडत नाहीत. एकाने चकती फिरवायची, दुसऱ्याने आकडे टिपायचे, तोंडातून ब्र काढायचा नाही, आणि हे पाच-पाच तास चालतं. इथे पोरगा पंचवीस सेकंदांत मोकळा.

"आणि त्यांचं भांडण?" सुनेने विचारलं. "मला तर ते उगाच ताणल्यासारखं वाटलं. आळशाने हिरा खिशात घातला असा नियमवाल्याला संशय आला. एकदा विचारलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं."

"सिनेमात तेवढंच खरं आहे," काका म्हणाले. "विश्वास उडाला की उडाला."

काका सिनेमाबद्दल बोलत नव्हते हे सुनेला कळलं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत काकांच्या दुकानात दुसरा माणूस होता. एवढं तीक्ष्ण ऐकायचा की सगळे त्याला कानसेन म्हणत. दोघांनी मिळून एकतीस वर्षं तिजोऱ्या उघडल्या आणि एके दिवशी तो दुकानात यायचाच बंद झाला. तेव्हापासून काका फक्त दारांची कुलपं दुरुस्त करत होते. परवाच वाचनालयाच्या बाईंचा फोन आला होता. संस्थापकांची जुनी तिजोरी, आकडे कोणाला ठाऊक नाहीत, पण फोडायची नाही. सोमवारी याल का? काकांनी दोन-चार दिवसांत कळवतो म्हणून सांगितलं होतं आणि नाही म्हणायचं ठरवून टाकलं होतं. ते काम एकट्याचं नव्हतं. काकांना त्या तिजोरीपेक्षा कानसेन हवा होता, पण हे कबूल करण्यापेक्षा ते जन्मभर दारंच दुरुस्त करत बसले असते.

"नेमकं झालं काय होतं?" सुनेने पहिल्यांदाच सरळ विचारलं.

काकांनी पाण्याचा घोट घेतला. "आमचा एक नियम होता. तिजोरी उघडली रे उघडली की दोघांनी भिंतीकडे तोंड करायचं. मालक येऊन दार लावेपर्यंत मागे बघायचं नाही. लोकांनी काय लपवलंय ते आपलं नाही. त्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरची तिजोरी होती. उघडली. आम्ही भिंतीकडे वळलो. आणि या पठ्ठ्याने मागे वळून आत बघितलं. तेवढ्यात डॉक्टर आला. मी त्याच्यासमोरच म्हणालो, याने आत पाहिलं. डॉक्टर खवळला, दोघांनाही बाहेर काढलं. हा एक शब्द बोलला नाही. अवजारं पिशवीत भरली आणि गेला. चूक होती म्हणूनच बोलला नाही ना?"

सुनेचं लिहिणं थांबलं होतं. "बाबा, तुमचं तोंड भिंतीकडे होतं ना?"

"होतं की."

"मग त्यांनी आत पाहिलं, हे तुम्ही कसं पाहिलंत?"

काकांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बाहेरचा नळ चालू राहिलाय वाटतं," आणि उठून गेले. नळ बंदच होता. तरी त्यांनी त्याची तोटी पुन्हा आवळली. तीन वर्षं ते स्वतःला फक्त अर्धीच गोष्ट सांगत आले होते. कानसेनला तेव्हाच म्हणता आलं असतं, की मग तूही वळला होतास. गिऱ्हाइकासमोर त्याने यांची अब्रू राखली होती. आणि यांनी त्याची घालवली होती.

रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चहा तसाच टाकून ते निघाले.

कानसेन इस्पितळाच्या फाटकासमोर एका टपरीत किल्ल्या करून द्यायचा. केस पिकले होते, हात तेच होते. काकांना पाहून त्याने यंत्र बंद केलं नाही. किल्ली पुरी कापली, कानशीने घासली, फुंकर मारून बाजूला ठेवली आणि मग वर बघितलं.

काका वाटेत पाठ करून आले होते ते सगळं विसरले. "त्या दिवशी मीही वळलो होतो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"ठाऊक आहे."

"तू मला बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? एकतीस वर्षं ऐकतोय. मान फिरवलीस की कडकन वाजते. डॉक्टरालाही ऐकू गेलं असेल."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "मग बोलला का नाहीस, गाढवा? तीन वर्षं गेली की रे."

"तू बोलशील म्हणून थांबलो," कानसेन म्हणाला. "पहिला आठवडा तर रोज वाट बघितली. मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, बसू दे." त्याने एक रिकामा डबा उलटा करून पुढे सरकवला आणि काका त्यावर बसले.

 मग काकांनी हळूच विचारलं, "तू का वळलास पण?"

"संत्र्याचा वास आला."

"मलाही."

"गोळ्यांचा डबा होता," कानसेन म्हणाला. "चघळायच्या. दाताला चिकटणाऱ्या. भिंतीवर पाटी काय, तर गोड खाऊ नका."

दोघांना हसू आवरेना. किल्ली न्यायला आलेला माणूस ताटकळत उभा राहिला, त्याचंही भान कोणाला नव्हतं. काकांनी मग सिनेमा सांगितला, नळीचा प्रसंग अभिनय करून दाखवला. बटणांच्या तिजोरीला नळी लावली म्हटल्यावर कानसेनने कपाळावर हात मारून घेतला.

"सिनेमा एकंदरीत कसा आहे पण?" त्याने विचारलं.

"भिकार," काका म्हणाले. "पण सून म्हणते त्यांचं भांडण उगाच ताणलंय, ते मात्र पटलं." मग घसा खाकरून ते म्हणाले, "सोमवारी वाचनालयात एक चकतीची आहे. येशील?"

 कानसेनने गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली, हात पुसले. "आकडे मी टिपणार. तुझं अक्षर वाचता येत नाही."

सोमवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत काका चकतीशी बसले आणि कानसेन वही घेऊन शेजारी. बोटांना जुनी सवय सापडायला तासभर गेला. चौथ्या तासाला शेवटचा आकडा जुळला आणि कानसेनचं पेन्सिल धरलेलं बोट वर झालं. काकांनी मूठ फिरवली आणि दार सुटलं.

दोघं वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंना हाक मारली होती. त्या जिन्यावरून येईपर्यंत खोलीत काही हललं नाही. मागून जुन्या कागदांचा वास येत होता.

"वाजली नाही हं," कानसेन भिंतीकडे बघत म्हणाला.

"नाही वाजणार," काका म्हणाले. "आणि तुझं काय?"

"माझी मान वाजत नाही. तुला विश्वासच ठेवावा लागेल."

"ठेवला," काका म्हणाले, आणि भिंतीकडेच बघत राहिले.