सवतीची दाढ

दुसऱ्या जागतिक लढाईच्या काळात इंझोरी गावात पंचफुलेच्या तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा तिच्या सासूने नाक मुरडलं नाही. सोजरबाई घाबरली. हाच वास तिने याच घरात आधी एकदा घेतला होता. जगदेवची पहिली बायको प्रयाग अशीच गाल सुजून, तापाने फणफणून, पोटातल्या लेकरासकट गेली होती. आता पंचफुलेला सहावा महिना होता, आणि उजव्या गालाच्या सुजेने तिचा डोळासुद्धा झाकत आला होता.

सोजरबाईचं निदान तयारच होतं. दुसरेपणाच्या रिवाजाने पंचफुलेच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक, तिच्या नावाने ठसा उठवलेला पत्रा, होता. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, पहिला घास त्याला दाखवायचा.

"काही तरी चुकली पोरगी," सोजरबाई म्हणाली. "प्रयाग लेकरू मांगून राह्यली."

मग टाक धुतलेलं पाणी पाजून झालं. किडलेल्या दाढेतली कीड पडावी म्हणून भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात देऊन झाली. कीड काही पडली नाही. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्यावर काहीही ढकलावं, ते नाही म्हणायला येत नाही.

पंचफुलेला मात्र वेगळंच कळू लागलं होतं. हिरडी फुटून पू थुंकीत आला, की ताप उतरायचा आणि पोटातलं लेकरू हलायचं. पू आत कोंडला, की हुडहुडी भरायची आणि लेकरू गप्प व्हायचं. तिने जगदेवला सांगितलं, "दाढ काढून टाका, मुनाफले बोलवा." मुनाफ हज्जाम गावाच्या दाढा उपटायचा.

"आयले विचार," जगदेव म्हणाला.

"दोन जिवाच्या बाईले लोखंड लावते काय कोणी?" सोजरबाई कडाडली. विषय मिटला.

मग एक दिवस लेकरू सकाळपासून हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंचफुला पोटावर हात ठेवून बसून राहिली. सुनेचं कोणी ऐकत नाही, पण मेलेलीचं ऐकतील, एवढं तिला समजत होतं. भर दुपारी तिने केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली.

"मी प्रयाग!"

सोजरबाईने तिथल्या तिथे हात जोडले. "काय पायजे, माय?"

"ही दाढ काढा. मुनाफले बोलवा."

एवढंच ठरवलं होतं. पंचफुला थांबायला गेली, पण जीभ थांबेना. आवाज घोगरा झाला, तिचा राहिला नाही.

"तवाबी तो ओट्यावर आला होता, आत्याबाई. तुमी त्याले परत धाडलं. माह्या खोलीले भायेरून कडी लावली. मी पाणी मांगत होती. काहून नाही देल्लं?"

सोजरबाईने जगदेवला दाराकडे ढकललं. जगदेव अनवाणीच धावला.

मुनाफने दोन माणसांना धरायला लावून चिमट्याने दाढ ओढली. मागोमाग पुवाचा लोंढा आला. पंचफुला ओरडलीसुद्धा नाही, ती सारा वेळ पोटावर हात दाबून होती. दिवेलागणीला ताप उतरला. अंगाई गावी तशी ती पोटाशी काहीबाही पुटपुटत राहिली, आणि तेवढ्यात आतून लाथ बसली. तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.

सोजरबाई हळूच उशाशी येऊन बसली.

"कडीचं तुले कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही, आत्याबाई." पंचफुलेने मान उचलली. "खरंच लावली होती?"

"तवा घरात मी अन् ती, दोघीच होतो." म्हातारीने तिचा हात घट्ट धरला. "तिले विचार, मले माफ केलं काय?"

पंचफुलेने डोळे मिटले. पोटात लेकरू हलत होतं. त्याच्याखेरीज आत कोणीच नव्हतं.

"नाही बोलत," ती म्हणाली.

सोजरबाई हात न सोडता तिच्या तोंडाकडे पाहत बसून राहिली.