अंग निवेपर्यंत

आमच्या घरी खुणा पाडायचा दिवस म्हणजे सुतकाचा दिवस. चूल पेटवायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही आणि मागच्या खोलीच्या दाराला हात लावायचा नाही. पितळ फार नाजूक प्रकृतीचं असतं, माणसाच्या नुसत्या अंगाच्या उबेनं फुगतं. केसभर फुगलं तरी जहाजाची जागा मोजायच्या उपकरणाच्या कमानीवरच्या अंशांच्या खुणा सरकतात आणि तिकडे भर समुद्रात कुणाचं तरी जहाज भलत्याच खडकावर जातं. म्हणून पितळी कमान आणि लांब दांडीचा कर्कटक आदल्या दिवशीच बाकावर शेजारी शेजारी ठेवायचे. रात्रभरात दोघांची ऊब एक झाली, की मगच पितळाला सुई टेकवायची. खोलीत माणूस एकच. फार तर दोन.

सहा वर्षं तिथं दोन माणसं असायची, माझे यजमान जोसाया आणि आमची लेक डॉर्कस.

वॉपिंगच्या नदीकाठावरच्या आमच्या दुकानावर पाटी मात्र एकाच नावाची: जोसाया पेनफोल्ड, चष्मे, दुर्बिणी आणि जहाजाची उपकरणं. कप्तान लोक यायचे, खुणांवरून बोट फिरवायचे आणि ‘पेनफोल्डचा हात’ म्हणून मान डोलवायचे. हात कुणाचा ते मला ठाऊक होतं. पन्नाशी उलटली आणि यांच्या बुबुळांवर साय धरली. साऱ्या नदीकाठाला चष्मे विकणारा माणूस, पण दुकानातलं एकही भिंग त्यांच्या कामाचं नव्हतं. तसं कबूल करतील तर शपथ. ‘‘या खोलीत उजेडच कमी,’’ म्हणायचे. डॉर्कस लगेच म्हणायची, ‘‘कमीच आहे, बाबा. तुम्ही मोजा, मी टेकवते.’’ खरं काय ते तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. घर असंच चालतं.

मग डॉर्कसनं नेड ऑर्टनला पसंत केलं. नेड जहाजावरचा सुतार, समुद्रापार हॅलिफॅक्सला निघालेला, आणि बायकोला बरोबर नेणार होता. जोसाया नको म्हणाले. तिनं लग्न केलं. तेव्हापासून तीन आठवडे बापलेकीत अबोला. जहाज नदीत वाऱ्याची वाट बघत अडकलं होतं, ती रोज घरी यायची आणि हे रोज पाठ फिरवून काच घासत बसायचे. त्यातच एका कप्तानाचं मोठ्या कमानीचं काम यांनी अंगावर घेतलं.

‘‘एकटा करीन,’’ म्हणाले. ‘‘ती जन्मायच्या आधी कोण करत होतं?’’

‘‘तुम्हीच,’’ मी म्हटलं. ‘‘तेव्हा माझेही सगळे दात शाबूत होते.’’

सोमवारी पहाटे वारा फिरला आणि पश्चिमेकडून वाहू लागला. नदीवरच्या सगळ्यांना कळलं, आज जहाजं सुटणार. यांनाही कळलं. तरी आठाच्या ठोक्याला हे खोलीत शिरले.

‘‘घराला आग लागली तरी दार उघडू नको, सुकी.’’

‘‘आणि पोरगी आली तर?’’

दार लागलं.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानातून स्वयंपाकघरात, तिथून परत दुकानात, अशा किती येरझाऱ्या घातल्या देव जाणे. पुसलेले चष्मे पुन्हा पुसले. दाराला कान लावला. आत सुईचा आवाज नाही, पावलांचा नाही, खोकल्याचासुद्धा नाही. मला वाटलं, काम रंगलंय.

दहाच्या सुमाराला डॉर्कस धापा टाकत आली. गाल लालबुंद, शाल एका खांद्यावर.

‘‘आत आहेत?’’

‘‘आठपासून.’’

‘‘एकटे?’’

‘‘नाहीतर काय, दरबार भरवलाय?’’

ती हसली नाही. थेट दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला. कडी हलली. मी मनात म्हटलं, उघड बाई, उघड. पण तिनं हात मागे घेतला.

‘‘आई, मी घाटापासून पळत आलेय. अंगाची भट्टी झालीये. अशी आत गेले तर पितळ निवायला संध्याकाळ होईल.’’

‘‘चुलीत जाऊ दे ते पितळ.’’

‘‘असं नको म्हणू. आज त्यांनी एकट्यानं धरलंय. आज चुकलं तर पुन्हा कशालाच हात लावायचे नाहीत.’’ मग ती म्हणाली, ‘‘नेड होडी घेऊन घाटावर थांबलाय. थोडी गार होते आणि मग हळूच जाते. दाराशीच उभी राहीन.’’

तिनं शाल काढली, टोपी काढली. पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले आणि खोलीच्या दारापाशी थंडगार फरशीवर बसली. माझी एकुलती एक लेक सातासमुद्रापार निघाली होती आणि घरातली शेवटची घटका अंग गार करण्यात घालवत होती. मी तिच्या कपाळाला हात लावून बघत होते, ताप उतरायची वाट बघावी तशी. कपाळ गरमच. जितकी घाई, तितकं गरम. तिला मिठीत घ्यावंसं वाटत होतं, पण माझी ऊब तिला लागेल म्हणून मीही लांबच बसले. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

घाटाकडून नावाड्याची हाक आली, ‘‘ओ सुतारीणबाई, ओहोटी लागली. ती काही तुमच्या बापाच्या घरची नाही थांबायला.’’

डॉर्कस उठली. मनगट गालाला लावून बघितलं आणि ‘अजून गरमच’ म्हणून मान हलवली. मग दाराच्या फटीशी तोंड नेलं.

‘‘बाबा, येते मी.’’

ती ओल्या हातांनीच माझ्या गळ्यात पडली, रडली आणि गेली.

मी बाराचे ठोके पडेपर्यंत दम धरला. तोवर जहाज वळणापलीकडे गेलं असणार. बाराला मात्र मी दार ढकललं.

जोसाया बाकापाशी बसले होते. कर्कटक बाजूला पडला होता. कमान लख्ख, कोरी. तिच्यावर एकही खूण नव्हती.

‘‘चार तास झाले,’’ मी म्हटलं. ‘‘एकसुद्धा नाही?’’

‘‘मला दिसत नाही, सुकी.’’

सहा वर्षांत पहिल्यांदा ते हे बोलले. मला दया यायला हवी होती. आला तो संताप. मी पुढे झाले आणि दोन्ही तळहात त्या पितळावर दाबून धरले.

‘‘मग हाक का नाही मारलीत? दाराबाहेर दोन हातांच्या अंतरावर बसली होती पोर. तुमच्या पितळासाठी स्वतःला गार करत बसली होती.’’

‘‘सगळं ऐकत होतो. कडी हलली तेव्हा कर्कटक खाली ठेवला मी. वाटलं, आता येते आत.’’ त्यांचे डोळे माझ्याकडे होते, पण नजर नीट लागत नव्हती. ‘‘मी नको म्हटलं आणि तिनं ऐकलं, असं जन्मात कधी झालंय का?’’

‘‘आज झालं,’’ मी म्हणाले.