रांजणातली बाई

“जॉर्जियात रांजणाबाहेर राहिलेली एखादी तरी बाई आहे की नाही?” न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि त्यांचा कारकून फिस्सकन हसला.

आता हेही मी एतेरीला आमच्या भाषेत सांगायचं! दुभाषी ना मी. सायप्रसच्या या कोर्टात कुणी टोमणा मारला तरी तो जसाच्या तसा पोचवायची मला शपथ आहे. पोचवला. एतेरीनं मान खाली घातली.

आमच्याकडे जॉर्जियात, काखेतीच्या गावांत, वाइनचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले असतात. माणूस आत उतरून घासेल एवढे मोठे. एतेरीचा नवरा पोलिसात. डोकं फिरलं की तो तिला रिकाम्या रांजणात उतरवायचा आणि वर दगडी झाकण ठेवायचा. एकदा तर झाकण ठेवून खुशाल कुणाच्या लग्नाला जेवायला गेला. तिथून पळाली ती इथे आली, एका म्हातारीची उठबस करायला. परत पाठवली तर तो तिचं काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण आश्रयाच्या पहिल्या अर्जात तिनं एवढंच सांगितलं, की गावात काम मिळत नाही. अर्ज फेटाळला. मग एका रविवारी बागेत ती सगळं बोलून गेली. सुट्टीच्या दिवशी आमच्या कामकरी बाया डबे घेऊन तिथेच जमतात. झालं! बायांना आयती गोष्ट मिळाली. हिनं दुसरा अर्ज करेपर्यंत चौघींनी तो रांजण उचलून आपापल्या अर्जात पुरला होता. त्यातल्या दोघींची दुभाषी मीच होते. कुणाचा नवरा पोलीस, कुणाचा कसाई. रांजण मात्र तोच.

“विचारा त्यांना,” न्यायाधीशबाई माझ्याकडे वळल्या, “खरं होतं, तर पहिल्यांदाच का नाही सांगितलं?”

“कसं सांगणार, ताई?” एतेरी पुटपुटली. “तेव्हाचा दुभाषी माझ्या नवऱ्याच्या आळीतला होता. संध्याकाळच्या आत घरी फोन गेला असता.”

मी सांगितलं.

“पुरावा काय?”

काय पुरावा देणार, कपाळ? भीतीची पावती मिळते का कुठे? माझ्याच्यानं राहवेना. “मॅडम, गोष्ट मुळात हिचीच आहे. बाकीच्यांनी...”

“तुम्ही साक्षीदार आहात की दुभाषी?”

“दुभाषी.”

“मग त्यांचं बोलणं सांगा. तुमचं नको.”

बाई दुष्ट नव्हत्या. समोर फायलींचा ढीग होता आणि रोज खोटं ऐकून त्या विटल्या होत्या. मीही विटलेय, खोटं कशाला बोलू? पण त्या क्षणी त्या ढिगाला काडी लावावी असं वाटलं मला.

निकाल तिथल्या तिथे लागला. नवीन काही नाही, तीच ती गोष्ट, हा कोर्टाचा गैरवापर आहे, देश सोडावा. एतेरीला हेही सांगितलं मीच.

बाहेर पायरीवर इंगा उभी होती, हातात चीज भरलेली गरम भाकरी घेऊन. चौघींतली ही पहिली. हिला आश्रय मिळालेला, रांजणाच्या जोरावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लाज नाही वाटत गं? हिच्या तोंडचा घास पळवलास आणि आता हिलाच भाकरी भरवायला आलीस?”

“शिव्या घाल, ताई,” इंगा रडायलाच लागली. “माझ्या पदरात दोन पोरं. माझं खरं कोण ऐकत होतं? नुसती गरिबी!”

एतेरीनं हात धरून मला गप्प केलं. “इंगा, तू सांगितलंस तेव्हा न्यायाधीशबाई हसल्या का गं?”

“दुसरे न्यायाधीश होते. म्हातारे. नाही हसले.”

“मग?”

“मला रडू आलं, तर उठून स्वतः पाणी दिलं त्यांनी.”

“पाणी दिलं?”

“हो.”

एतेरी पायरीवर बसली.

“म्हणजे त्यांना खरं वाटलं,” ती म्हणाली.